टीव्हीवर मी मेलो तेव्हा

फौजेतून हवालदार म्हणून बाहेर पडलो तेव्हा मी चाळिशीलाही पोचलो नव्हतो. आमच्या वाडीतले त्या वयाचे पुरुष मुंबईत कामाला असतात आणि शिमग्याला, गणपतीला घरी येतात. मी पेन्शन घेऊन आलो. आई लांजा तालुक्यातल्या आमच्या गावात एकटी राहायची. बायको मुलीच्या शाळेसाठी रत्नागिरीत बिऱ्हाड करून होती. मीही रत्नागिरीत राहिलो आणि पाण्याचे पंप विकणाऱ्या एका कंपनीत सेल्स ऑफिसर म्हणून लागलो. 'फौजी आहात, शिस्त आहे,' म्हणून त्यांनी मला घेतलं.

शिस्तीचं तिथे काही काम नव्हतं. काम होतं हसण्याचं. पुण्याला एका हॉटेलात आमचं ट्रेनिंग झालं. एक तरुण ट्रेनर मला सगळ्यांसमोर उभं करून म्हणाला, "सर, राग मानू नका, पण तुम्ही हसलात की समोरचा माणूस घाबरतो." सगळे हसले. मी सावधानमध्ये उभा राहिलो, कारण दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. घरी येऊन मी दाढीच्या आरशासमोर हसायची प्रॅक्टिस करू लागलो. बायको दारातून बघायची आणि आत जायची.

पहिलं वर्ष मी सतत चकित होत होतो. फौजेत एखादा 'येतो' म्हणाला की यायचा. इथे 'उद्या या' म्हणजे येऊ नका, हे कळायला मला अर्धा पावसाळा लागला. राजापूर, लांजा, पाली असा मी बाइकवरून हिंडायचो. आंबा बागायतदारांच्या विहिरीत डोकावून पाणी किती खोल आहे ते बघायचो, दुकानदारांसमोर बसून पंपाचं गुणगान करायचो. हळूहळू जमायला लागलं. पण बोलताना आपण दुसऱ्याच कोणाचे कपडे घातलेत असं वाटत राहायचं.

रत्नागिरीत साळवी स्टॉपकडे एक हार्डवेअरचं दुकान आहे. मालकांना सगळे शेठ म्हणतात, मीही म्हणायचो. जाडा चष्मा, बनियनवर शर्ट उघडा. मी नव्या पंपाबद्दल बोलायला लागलो की ते डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, झोप येते त्यांना. एकदा माझं बोलणं संपलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"आता बोललात त्यातला एक शब्दही तुम्हाला पटत नाही," ते म्हणाले.

मी कॅटलॉग मिटला.

"पण आवाज खरा आहे. कुठून आणलात?"

"परेड ग्राउंडवरून."

"मग संध्याकाळी शाळेच्या हॉलवर या. आमच्या नाटकातल्या म्हाताऱ्याची चिपळूणला बदली झाली."

शेठ गेली कित्येक वर्षं हौशी नाटकं बसवतात हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांच्या ग्रुपमध्ये एक शिक्षक होते, एक एसटीतले कंडक्टर, बँकेत कॅशियर असलेल्या एक बाई. मी गेलो तो पंप खपवण्याच्या आशेनं. शेठनी हातात कागद दिले. संप फिसकटल्यावर गावी परत आलेला एक म्हातारा गिरणी कामगार, ज्याचं डोकं आता ठिकाणावर राहत नाही, अशी ती भूमिका होती. कॅशियर बाई त्याची मुलगी. तिचं लग्न ठरतं आणि शेवटच्या अंकात दारात वरात येते.

तालमी तीन महिने चालल्या. मी पाठांतर पक्कं करायचो, जिथे उभं राहा म्हणतील तिथे उभा राहायचो. शेठ वैतागायचे. "हवालदार, ऑर्डर पाळू नका हो! तुम्हाला काय वाटतं ते करा!" मला काय वाटतं हे आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. मी आणखी ताठ व्हायचो.

पहिला प्रयोग. हॉल भरलेला, बायको आणि मुलगी चौथ्या रांगेत. शेवटचा अंक आला. तालमीत वरातीचे फटाके म्हणून कंडक्टर विंगेतून तोंडानं 'धडाम' म्हणायचे. प्रयोगाच्या दिवशी त्यांना हौस आली. त्यांनी पत्र्याच्या डब्यात सुतळी बॉम्ब लावला.

मला तो आवाज ऐकल्याचं आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की माझा गाल लाकडी फळ्यांवर होता, माझ्याखाली कोणीतरी होतं, त्या माणसाचं डोकं मी हातानं दाबून धरलं होतं, आणि धुराचा वास येत होता. मी दुसऱ्या आवाजाची वाट बघत होतो. दुसरा आवाज नेहमी असतो.

खालून बाईंचा आवाज आला, अगदी हळू, "बाबा, उठा. वरात आलीय."

बाबा कोण, हे मला कळेना. मग समोरचा अंधार दिसला, त्या अंधारात माणसांची डोकी दिसली. हॉलमध्ये एवढी शांतता होती की बाहेर रिक्षा वळल्याचं ऐकू आलं. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात. मी उठलो, उरलेली वाक्यं बोललो, कशी ते देवाला ठाऊक. पडदा पडला.

आत मेकअपच्या खोलीत मी खुर्चीवर बसलो. शेठ आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हवालदार, हे कुठून आणलंत? तालमीत का नाही दाखवलंत कधी?"

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. खरंच. या माणसाला काय झालं ते कळलंच नव्हतं. चारशे माणसांपैकी कोणालाच कळलं नव्हतं. मी जिवाच्या भीतीनं पडलो होतो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

शेठ गेल्यावर बाई आल्या. त्यांचं कोपर सोललं होतं, एका हातातल्या बांगड्या फुटल्या होत्या. मी माफी मागायला उठलो.

"बसा," त्या म्हणाल्या. "तो अभिनय नव्हता. मला कळलं. तुमची छाती माझ्या पाठीवर धाडधाड आपटत होती."

आम्ही घरी आलो. मुलगी झोपल्यावर मी बायकोला म्हणालो, "मी उद्यापासून जाणार नाही."

"का?"

"तुला काय वाटलं, मी मुद्दाम पडलो?"

तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "अहो, दिवाळीत फटाके लागले की तुम्ही मोरीत जाऊन कडी लावता. नळ सोडून उभे राहता. आम्हाला काय ते कळत नाही?"

मला वाटायचं ही गोष्ट जगात फक्त मला माहीत आहे. पाण्याचा आवाज मोठा यावा म्हणून मी बादली उपडी करून तिच्यावर नळ सोडायचो. आणि ती बाहेर उभी राहून मुलीला सांगायची, बाबा आंघोळ करतायत.

"मोरीत एकटं उभं राहण्यापेक्षा लोकांसमोर पडलेलं बरं," ती म्हणाली. "निदान उठवायला कोणी तरी होतं."

मी परत गेलो. शेठनी बॉम्ब बंद केला, पण पडणं ठेवा म्हणाले. दुसरा प्रयोग देवरुखला होता. वरातीच्या ढोलाचा ठोका पडला आणि मी पडलो. पडलो आणि मला पहिल्या रांगेतल्या माणसाचं खाकरणं ऐकू आलं. टाळी नाही, काही नाही. पोतं टाकल्यासारखा आवाज झाला एवढंच. खऱ्या भीतीनं पडलो तेव्हा सगळ्यांना पटलं, आणि आता सगळं तसंच करून कोणालाच पटलं नाही, याचा मला जबर धक्का बसला.

परतीच्या टेंपोत शेठ माझ्या शेजारी बसले. तोवर त्यांना बाईंनी पहिल्या प्रयोगाचं खरं सांगितलं होतं. ते म्हणाले, "पहिल्यांदा तुम्ही पडलात, हवालदार. त्यात तुमचं कर्तृत्व काही नाही. माझंही नाही, मला लाज वाटते. आता म्हातारा कसा पडेल ते शोधू. त्याला कसली भीती वाटते?"

"भोंग्याची," मी म्हणालो. कसं सुचलं माहीत नाही. "गिरणीचा भोंगा झाला आणि आपण पाळीला पोचलो नाही, याची."

"मग ढोल वाजल्यावर तो पडणार नाही," शेठ म्हणाले. "तो धावणार."

पुढच्या प्रयोगात मी ढोल ऐकून जेवणाचा डबा शोधायला धावलो. चपला शोधल्या, लेकीच्या लग्नाच्या मांडवातून वाट काढत निघालो. बाईंनी मला दरवाज्यात अडवलं. हॉलमध्ये कोणीतरी हुंदका दिला. आणि मला पूर्ण शुद्ध होती. मी घाबरलेला नव्हतो, घाबरलेला म्हातारा होता. मी त्याला बघत होतो. पंप विकताना कधी आला नव्हता तो सच्चेपणा खोट्या मिशा लावून आला, हे मला आजही नीट समजत नाही.

त्यानंतर मी सुटलोच. एका डीलर मीटिंगच्या दिवशी प्रयोग आला. मॅनेजरला फोन केला.

"नाटक?" तो म्हणाला. "अरे, ते गणपतीत करतात ना?"

मी त्याच संध्याकाळी राजीनामा पाठवला. बायको म्हणाली, पेन्शन आहे, बघू. आईला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "म्हणजे आता घरीच ऱ्हाशील ना?" ती फक्त एवढंच विचारायची, मी फौजेत होतो तेव्हापासून.

दोन वर्षं किरकोळ कामं मिळाली. जाहिरातीत वॉचमन, सिनेमात मागे उभा असलेला पोलीस. मग मुंबईहून एका मालिकेसाठी बोलावणं आलं. फौजी थोरला भाऊ. चांगलं काम होतं, चार-पाच आठवड्यांचं. त्यानंतर भाऊ सीमेवर मरतो आणि धाकट्याची गोष्ट सुरू होते.

मरणाचं शूटिंग मुंबईबाहेरच्या एका स्टुडिओत झालं. अंगण खोटं, तुळशीवृंदावन थर्माकोलचं. पेटी मात्र खरी प्लायवूडची होती. मला आत झोपवलं, कपाळावर पट्टी, गालाला पांढरट रंग. एका शॉटमध्ये झाकण लावायचं होतं. "सर, दोनच मिनिटं," असिस्टंट म्हणाली. "हवेला भोकं ठेवलीत."

झाकण लागलं. ताज्या रंगाचा वास होता आत. मी एकदा अशा पेटीबरोबर प्रवास केला होता. माझ्याच सेक्शनमधला जवान, साताऱ्याकडचा. त्याच्या गावापर्यंत मी गाडीत पेटीशेजारी बसून गेलो होतो आणि सगळी वाट पेटीच्या कडेवर हात ठेवून होतो, वळणावर सरकू नये म्हणून. आता मी आत होतो. बाहेर माझी आई झालेली नटी किंकाळी फोडत होती. ती पेटीवर पडली तसा माझ्या छातीवर प्लायवूड दबल्याचा आवाज आला. मला वाटलं, त्या जवानानं हे ऐकलं असेल का?

"कट!" कोणीतरी म्हणालं. आणि लगेच, "अरे चहा आला का?"

झाकण निघालं तेव्हा मी उठून बसलो आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा चेहरा कसा दिसत होता ते मला कोणी सांगितलं नाही.

आईला आम्ही नीट कल्पना दिली होती. मी दिली होती, बायकोनं दोनदा फोन केला होता. "आये, ते खोटं आहे. मी इथे रत्नागिरीत आहे, तुझ्याशी बोलतोय."

"मला काय येडी समजलास?" ती म्हणाली. "माहीत हाय मला."

तो भाग लागला त्या संध्याकाळी आईच्या घरात वाडीतल्या बायका जमल्या होत्या. आपल्या वाडीतला मुलगा टीव्हीवर, म्हणून त्या रोजच जमायच्या. आम्हीही रत्नागिरीत बघत होतो. एपिसोड संपला, मुलगी मला चिकटून बसली. आणि पाचच मिनिटांत शेजारच्या काकूंचा फोन आला.

"तू आधी आयेशी बोल. ती काय करत्येय कळत नाही."

"काय झालं?"

"पेटी दाखवलान, तशी ती उठली. काय बोलली नाही. इहिरीवर गेली आणि लुगड्यासकट आंघोळ केलान. मयताची करतात तशी. आता ओल्यानंच पडवीत बसल्येय. चूल पेटवू देत नाही."

"फोन दे तिला," मी म्हणालो. तिनं घेतला नाही. लांबून तिचा आवाज ऐकू आला: "त्याला म्हणावं, सकाळी ये."

सकाळच्या पहिल्या गाडीनं लांज्याला उतरलो, तिथून गावाची गाडी, तिथून पायवाटेनं खाली. चैत्र लागला होता. आई पडवीत विळीवर बसून ओले काजू फोडत होती. हातांना चीक लागू नये म्हणून राख लावलेली. मला बघून उठली नाही. पायापासून डोक्यापर्यंत बघितलंन फक्त.

"जेवलास काय?"

"आये, हे काय केलंस काल?"

"आंघोळ केली. त्यात काय?"

"मी जिवंत आहे ना."

"मला दिसतंय." तिनं एक काजू फोडला, गर काढून वाटीत टाकला. "तू काय समजलास, मला खोटं-खरं कळत नाही? टीव्हीतला होता तो, माहीत हाय. पण आंघोळ राहिली होती माझी."

मला कळेना. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"कसली आंघोळ?"

ती काजू फोडतच राहिली. तिच्याकडे न बघता ऐकलं असतं तर वाटलं असतं, बाजाराच्या गोष्टी सांगत्येय. "तू तिकडे होतास तेवढी वर्षं मी रोज विचार करायची. कोण येतील, किती येतील. गाडी तर वर सड्याच्या माळावर थांबणार, खाली वाट नाही. मग खांद्यावरनं आणतील. आणतील ती ठेवतील कुठे? घरात पेटी जायची नाही, दार लहान. म्हणजे दारापुढच्या खळ्यात. म्हणून खळं सारवून ठेवायची मी. दर सोमवारी. लोकं म्हणायची, म्हातारी किती टापटिपीची. अरे, सायबलोक आले असते, आणि तुला धुळीत ठेवला असता?"

मी खळ्याकडे बघितलं. सुट्टीवर यायचो तेव्हा ते असंच असायचं, शेणानं गुळगुळीत सारवलेलं, एक काटकी पडलेली नाही. मी पिशवी टाकून तिथेच बसायचो, तांब्याभर पाणी प्यायचो. मला वाटायचं, मी येणार म्हणून सारवलंय.

सीमेवर मी ज्या गोष्टीची भीती धरली नाही ती ही बाई घरात बसून दर आठवड्याला हातांनी सारवत होती.

"रडू नाही आलं काल," ती म्हणाली. "ते मी आधीच रडून घेतलेला. किती वेळा. फक्त आंघोळ करत नव्हते. आंघोळ केली तर खरं होईल म्हणून. काल ती पेटी बघितली, म्हटलं, आला तो दिवस. आणि तू तर रत्नागिरीत बसलेलास, जेवून. म्हणजे आता काय भय नाही. करून टाकली. सुटले."

मी तिच्या मांडीवर डोकं टेकलं. राखेचे हात तिनं वर धरले, माझ्या केसांना चीक लागू नये म्हणून. मी रडलो. पोटातून, मोठ्यानं. फौजेत रडलो नव्हतो, साताऱ्याकडच्या त्या गावात रडलो नव्हतो, स्टेजवरही नाही.

"हळू," ती थोड्या वेळानं म्हणाली. "वाडीतली धावत येतील. कालपासून घाबरल्यायत बिचाऱ्या."

मग तिनं चूल पेटवली. काजूची उसळ आणि भाकरी केली. मी जेवत असताना ती समोर बसून एकेक विचारत राहिली. पेटी कसली होती? आत गुदमरायला नाही ना झालं? मी भोकांचं सांगितलं तेव्हा तिला बरं वाटलं. गालाला काय फासलेलं, ते गेलं का धुऊन? तुला उचलला त्या लोकांना जड नाही का झाला? पेटीत मी नव्हतोच उचलताना, हे ऐकून ती हसली. रिकामी पेटी चौघांनी एवढी वाकून नेली, याचं तिला फार नवल वाटलं.

"आणि ती बाय," ती म्हणाली, "तुझी आये झालेली. कोण ती?"

"मुंबईची आहे. नाटकातली जुनी."

"चांगली रडली. मला तसं जमलं नसतं. मी नुसती बघत बसले असते."

दुपारच्या गाडीनं परत निघालो तेव्हा तिनं सोबत काजूगर दिले, अर्धे आमच्या घरी आणि अर्धे त्या बाईला द्यायला. "माझ्याऐवजी रडलीन ती," असं म्हणाली, जणू कोणी शेजारीण तिच्या बदली भाताच्या लावणीला गेली होती.

काजूगर मुंबईला पोचवायला मला पंधरा दिवस लागले. माझी आई झालेल्या त्या बाई दुसऱ्या मालिकेच्या सेटवर होत्या, मेकअप अर्धा झालेला. मी पुडी हातात दिली आणि आईचं सगळं सांगितलं, आंघोळ, खळं, सोमवार. त्या ऐकत राहिल्या. मेकअपवाला ब्रश हातात घेऊन थांबला होता.

"त्या नुसत्या बघत बसल्या असत्या म्हणाल्या?"

"हो."

त्यांनी आरशात स्वतःकडे बघितलं. "मग मी चुकीचं केलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खोटी नम्रता नव्हती, एखादी वाट हुकल्याचं कळल्यावर माणूस बोलतो तशा बोलल्या. मग त्यांनी पुडी उघडून एक गर तोंडात टाकला आणि मेकअपवाल्याला खूण केली.